गावची अडीच एकर: भातच ठेवायचं, कलमं लावायची, की प्लॉटवाल्याला देऊन मोकळं व्हायचं?

भांडुपला राहायचं आणि नेरळच्या पुढे अडीच एकर सांभाळायची म्हणजे काय असतं ते ज्याची असेल त्यालाच कळतं. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा एजंट फोन करतो, साहेब रेट बोला. दर मे महिन्यात गावचे काका फोन करतात, यंदा बियाणं कुठलं आणू. आणि आपण दोघांनाही तेच सांगतो, बघू, कळवतो. बाबा होते तोवर हे फोन ते घ्यायचे, ते गेल्यावर माझ्याकडे आले, आणि मग लक्षात आलं की बघू बघू करण्यात दोन पावसाळे गेले की बांध फुटतात, करवंदीची जाळी आत सरकते, शेजाऱ्याची गुरं हक्काने चरायला लागतात आणि मग एजंटचा फोन आला की आपणच विचारतो, काय देताय बोला.

मी आणि ताई (ती ठाण्याला असते) दोन वर्षं याच विषयावर भांडतोय. तिचं म्हणणं विकून टाकू, माझं म्हणणं थांबू, आणि काकांचं म्हणणं तुम्ही दोघंही आधी चिखलात उतरा मग बोला. त्या भांडणातून जी माहिती गोळा झाली ती इथे टाकतोय, कारण आमच्या बिल्डिंगमध्येच अजून तिघांची हीच अवस्था आहे, एकाची जमीन रोह्याला, एकाची वाड्याला, एकाची महाडला. प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर वेगवेगळा सल्ला मिळतो, कोणी म्हणतो बांबू लाव, कोणी म्हणतो ड्रॅगन फ्रूट, कोणी म्हणतो टेंट टाक आणि पोरं आण.

पिकाचं नंतर, आधी सातबारा काढून बघा. आमच्याकडे ठाणे-रायगडच्या उताऱ्यावर भात वेगळं आणि वरकस वेगळं लिहिलेलं असतं, आणि हा फरक नुसता सारा भरण्यापुरता नाही. भात म्हणजे खालची खाचरं, नदी-ओढ्याच्या गाळाची, जून ते ऑक्टोबर पाणी धरणारी. वरकस म्हणजे वरचा उताराचा माळ, मुरमाड, जिथे पूर्वी नाचणी-वरी व्हायची आणि आता बहुतेक ठिकाणी नुसतं गवत असतं. आमचे ६० गुंठे भात, ४० गुंठे वरकस. बहुतेक मुंबईकर इथेच चुकतात, दोन्हीला मिळून एकच उत्तर शोधतात. खाचरात हापूस लावला की पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात मुळं कुजतात, कारण आंब्याला पाणी साचलेलं चालत नाही. आणि वरकसात भात करायला गेलात तर पाऊस आठ दिवस ओढला की संपलं.

सातबाऱ्यावर किती नावं आहेत तेही बघा. आमच्यावर नऊ होती, त्यातले तिघं वारलेले. वारस नोंद आणि वाटप झाल्याशिवाय पुढचं काहीच नीट होत नाही, ना अनुदान ना विक्री. या विषयावर वेगळं लिहावं लागेल, आणि लिहिताना माझं बीपी वाढेल म्हणून सोडतो.

पाणी कुणाचं

दुसरी गोष्ट खोऱ्याची. आपण सगळे कोकणातल्या नद्या म्हणतो पण उन्हाळ्यात सगळ्या सारख्या नसतात. उल्हास, पाताळगंगा आणि कुंडलिका या तिघींना उन्हाळ्यात जे पाणी दिसतं त्यातलं बरंचसं मुळात त्यांचं नाहीच, ते सह्याद्रीच्या पलीकडचं, भीमेच्या खोऱ्यातलं आहे. टाटांनी तिकडे धरणं बांधून पाणी घाटाखाली सोडलं आणि वीज केली: १९१५ ला खोपोली, १९२२ ला भिवपुरी, १९२७ ला भिरा. वीज करून झाली की ते पाणी नदीत येतं. कर्जतचा राजनाला हा कालवा भिवपुरीच्या त्या पाण्यावर चालतो आणि त्याच्याच जोरावर तिथे दुबार भात होतं, म्हणजे पावसाळी कापलं की परत उन्हाळी. कोलाडचं राफ्टिंग पण भिऱ्याच्या पाण्यावर. ज्या मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांची भातखाचरं त्या धरणाखाली गेली त्यांनी सेनापती बापटांसोबत १९२१ पासून सत्याग्रह केला होता, हे आपण राफ्टिंगचे फोटो टाकताना विसरतो. आणि ते पाणी परत पूर्वेकडे वळवा अशी मागणी तिकडून अधूनमधून होतच असते, त्यामुळे राजनाल्याच्या भरवशावर वीस वर्षांचं प्लॅनिंग करू नका. कालव्याची दुरुस्ती निघाली तरी त्या वर्षीची दुबार गेली.

वाड्यावाल्या मित्राचं उलटं आहे. त्याची वैतरणा मुंबईला पाणी पाजते, मोडकसागर १९५७ पासून, मग अप्पर, मग मध्य वैतरणा. तिची उपनदी सूर्या, तिथलं धामणी धरण मुळात डहाणू-पालघर-विक्रमगडच्या सिंचनासाठी होतं, आता त्याच्यातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर द्यायची योजना आहे. थोडक्यात शहर वाढलं की शेतीचं पाणी आधी जातं. तुमच्या जमिनीला कालवा आहे असं कागदावर असेल तर मार्च महिन्यात स्वतः जाऊन त्यात पाणी आहे का ते बघून या. जानेवारीत बघून उपयोग नाही.

आमच्या जमिनीला कालवा नाही, ओढा आहे, आणि तो जानेवारीच्या शेवटी आटतो. एक विहीर आहे पण ती एप्रिलमध्ये प्यायच्या पाण्यालाच पुरते.

भात: नेहमीचं की एसआरटी

नेहमीचं भात म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये राब भाजणं (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळणं), पाऊस पडला की पेरणी, मग आवण म्हणजे रोपं काढून चिखलणी करून लावणी, मग बेणणी म्हणजे तण काढणं, ऑक्टोबर-नोव्हेंबरला कापणी-झोडणी. यात सगळ्यात जास्त माणूसबळ लावणीच्या पंधरा दिवसांत लागतं आणि नेमकं तेव्हाच ते सगळ्या गावाला एकाच वेळी हवं असतं. ज्या आदिवासी वाड्यांतली माणसं पूर्वी लावणीला यायची त्यांची पोरं आता कंपनीत नाहीतर बांधकामावर जातात, आणि का जाऊ नये, चिखलात वाकून दिवस काढायचे त्याचे पैसे काय मिळतात.

पैशाचा हिशोब एकदा सरळ मांडतो. आमच्याकडे बरं वर्ष असेल तर एकरी १२ क्विंटल भात येतं. २०२५-२६ चा हमीभाव साध्या भाताला २३६९ रुपये क्विंटल. म्हणजे २८,४२८ रुपये. त्यातनं ट्रॅक्टर, बियाणं, खत, लावणी, कापणी, मळणी सगळं वजा केलं तर आमच्या हातात कधी चार हजार राहिले कधी उलटे गेले. पण हेच १२ क्विंटल गिरणीतून काढलं तर साधारण ८ क्विंटल तांदूळ होतो, आणि मुंबईत आपण बरा कोलम साठ-सत्तरने घेतो. साठने धरले तरी ४८,००० चा तांदूळ झाला. गिरणीचे आणि टेम्पोचे जाऊ देत. थोडक्यात भात सरकारी खरेदी सेंटरवर घातलं तर तोटा, घरी खाल्लं आणि उरलेलं सोसायटीत ओळखीने विकलं तर चालतं. आम्ही गेल्या वर्षी तीन क्विंटल घरी ठेवला आणि बाकीचा बिल्डिंगमध्ये गेला, चार दिवसांत. वाड्यावाल्या मित्राला तर अजून सोपं, वाडा कोलमला २०२१ ला भौगोलिक मानांकन मिळालंय, नावानेच विकला जातो (अर्थात त्याच नावाखाली दुकानात काय काय विकलं जातं ते विचारू नका).

आता एसआरटी, म्हणजे सगुणा राइस टेक्निक. हे आमच्या नेरळचंच, चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा बागेतून आलेलं. यात नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. एकदा कायमचे गादीवाफे करून ठेवायचे, लोखंडी साच्याने भोकं पाडायची आणि त्यात थेट बी टोकायचं. कापणी झाली की मुळं जमिनीतच सोडायची, उपटायची नाहीत, आणि त्याच वाफ्यावर वाल किंवा हरभरा टोकायचा. माती भुसभुशीत होते, गांडुळं वाढतात, आणि मुख्य म्हणजे लावणीच्या माणसांचं टेन्शन जातं.

ऐकायला एकदम भारी. पण दोन गोष्टी कोणी आधी सांगत नाही. एक, चिखल नाही म्हणजे तण दाबलं जात नाही, त्यामुळे तणनाशक वेळेवर मारावंच लागतं, आणि वेळेवर म्हणजे त्या ठराविक दोन-तीन दिवसांत, पुढच्या रविवारी नाही. ज्यांना तणनाशक नकोच आहे त्यांनी हे डोळे उघडे ठेवून ठरवावं, हाताने बेणायला गेलात तर लावणीचे वाचलेले पैसे तिथेच जातात. दोन, टोकणी झाल्यावर लगेच ढगफुटीसारखा पाऊस आला तर बी कुजतं किंवा वाहून जातं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बराच चार-पाच झोडपून काढणाऱ्या दिवसांत, त्यामुळे पहिल्या वर्षी अख्खं शेत एसआरटीखाली घालू नका. आम्ही १५ गुंठ्यांवर करून बघितलं, एका कोपऱ्यात उगवण विरळ झाली, बाकी काकांनाही मान्य करावं लागलं की भात आडवं पडलं नाही आणि खर्च कमी आला. पण मान्य करतानाचा चेहरा बघण्यासारखा होता.

दोन्हींची तुलना मी एकाच प्रश्नावर करतो, तो म्हणजे बुधवारी बांधावर कोण आहे. नेहमीच्या भातात कामं मोठी पण ठरलेली आहेत, गावाला सगळ्यांना माहीत आहेत, तुम्ही नसलात तरी काका किंवा अर्धेलीने (अर्ध्या पिकाच्या वाट्यावर) करणारा माणूस ती निभावून नेतो. एसआरटीत कामं कमी पण वेळ चुकवायची नाही, आणि करणाऱ्याला ते शिकवावं लागतं. तुमच्याकडे गावात एक शिकायला तयार माणूस असेल तर एसआरटी, नसेल तर नेहमीचंच बरं. कर्जतला दापोली विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे, त्यांच्या कर्जत नावाच्या जाती प्रसिद्धच आहेत, तिथे जाऊन हळवी-निमगरवी-गरवी (लवकर, मध्यम, उशिरा तयार होणारी) यातली कुठली घ्यायची ते विचारा. ओढा लवकर आटत असेल तर हळवी घ्या, मागून वालाला ओल मिळते.

वालाबद्दल एक सांगायलाच पाहिजे. कडवे वाल, पाणी न देता नुसत्या ओलीवर आणि दवावर येणारे, एवढं सोपं पीक दुसरं नाही आणि मुंबईत त्याला भाव विचारा. पण आमच्याकडे भात कापलं की गुरं मोकाट सोडतात, ही गावाची जुनी रीत आहे, तुमच्या एकट्याच्या कंपाउंडशिवाय तुमचे वाल म्हणजे गावच्या गुरांची पार्टी. चार शेतकरी मिळून लगतचा पट्टा करत असतील तर वाल शंभर टक्के करा. एकटे असाल तर आधी कुंपणाचा खर्च मांडा. (आणि जानेवारीत शेंगा भरल्या की भांबुर्डीचा पाला घालून एक पोपटी (मडक्यात भाजलेल्या शेंगा) लागलीच पाहिजे, तेवढ्यासाठी मेगाब्लॉकमधून पण मी गेलोय.)

भाजीचं स्वप्न

दुबारचं पाणी असेल तर सगळे म्हणतात भाजी करा, भेंडी करा, कारली करा, मुंबई दीड तासावर आहे. पैसे खरंच आहेत, भातापेक्षा कितीतरी जास्त. पण भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, आज तोडली नाही तर परवा ती काठी झालेली असते. कारल्या-शिराळ्याला मांडव, तार, बांबू, फवारणी. मग पहाटेची गाडी कल्याण नाहीतर वाशी मार्केटला, आणि हिशोबाच्या चिठ्ठीवर हमाली, तोलाई, भाडं वजा होऊन आलेला आकडा. माझ्या एका नातेवाइकाने कलिंगड केलं, माल सुंदर आला, त्याच आठवड्यात सगळ्यांचाच आला. ज्याचं कुटुंब शेतावर राहतं त्याच्यासाठी भाजी हा सगळ्यात चांगला पर्याय आहे. शनिवार-रविवारवाल्यांसाठी नाही. पाणी आणि माणूस दोन्ही असेल तर स्वतः करण्यापेक्षा खंडाने (ठरलेल्या मोबदल्यावर कसायला) द्या.

खंडाने द्यायचं म्हटलं की घरातले मोठे लगेच म्हणतात, कूळ लागेल. ही भीती १९४८ च्या कूळकायद्याची आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाची आहे, तेव्हा कसणाऱ्याला जमीन मिळाली, आणि ते योग्यच होतं असं मला वाटतं, आमच्या आजोबांना पण तशीच मिळाली. आता तीच आम्ही दुसऱ्याला कसायला द्यायला घाबरतो, यातली गंमत काकांना सांगितली तर ते हसले नाहीत. पण या भीतीने कोकणात किती खाचरं ओसाड पडलीत ते ट्रेनच्या खिडकीतून मोजा. वकिलाकडून लेखी करून घ्या, सातबाऱ्यावर पीक पाहणी स्वतःच्या नावाने मोबाईलवरून करत राहा (ई-पीक पाहणी आहे आता, २०२१ पासून), पण जमीन कसती ठेवा.

वरकसात काय: आंबा, काजू, बांबू

इथे मात्र मुंबईकराला वाव आहे, कारण झाड रोज हाक मारत नाही. निदान असं आपल्याला वाटतं.

आंबा १० बाय १० मीटरवर लावला तर एकरी ४० कलमं बसतात, काजू ७ बाय ७ वर ८० च्या आसपास. आंब्याचं खरं उत्पन्न यायला पाच-सहा वर्षं, काजू तिसऱ्या-चौथ्या वर्षी तोंड दाखवतो. हापूसचं मानांकन २०१८ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे, पालघरलाही मिळालंय, त्यामुळे नर्सरीवाला तुम्हाला हापूसच घ्या म्हणणार. पण हापूसला मोहोर आला की तुडतुडे, भुरी, थ्रिप्स, फवारण्यांचं वेळापत्रक, आणि मोहोर येतो डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा आपण ऑफिसात इयर एन्डमध्ये. काकांचं वाक्य मी फ्रेम करून ठेवणार आहे, "तू रविवारी येणार म्हणून तुडतुडा थांबतो काय?" त्यामानाने काजूला लाड कमी. वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या जाती मुरमाड उतारावर बऱ्या चालतात.

दोन्हीला सगळ्यात मोठा धोका कीड नाही, वणवा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरकसातलं गवत वाळून कोळ झालेलं असतं, कोणीतरी बिडी टाकतो किंवा मुद्दाम पेटवतो, आणि तीन वर्षांची कलमं एका दुपारी जातात. दिवाळीनंतर गवत कापून घेणं आणि कडेने जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढणं हे फळबागेतलं पहिलं काम, खताच्याही आधी. दुसरं म्हणजे पहिले तीन उन्हाळे पाणी. आमच्या विहिरीचं तुम्हाला सांगितलंच. मडकं पुरून, पालापाचोळा घालून ४० झाडं जगवता येतात, ४०० नाही. म्हणून ते दाट लागवडीचे व्हिडिओ बघून ५ बाय ५ ला हो म्हणू नका.

अनुदान: रोजगार हमीतून फळबाग घ्यायची तर जॉब कार्ड लागतं, आणि आपलं कार्ड तर भांडुपच्या रेशन दुकानाचं. त्यात न बसणाऱ्यांसाठी भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना आहे २०१८ पासून, कोकणात १० गुंठ्यांपासून चालते, तीन वर्षांत ५०, ३०, २० टक्के असे पैसे येतात. झाडं जगली तर. शेतीवरच पोट असणाऱ्यांना आधी, त्यामुळे तुमचा नंबर कधी लागेल ते कृषी सहाय्यकालाच विचारा.

बांबूची हवा सध्या खूप आहे. २०१७ ला कायद्यात बदल होऊन खासगी जमिनीवरचा बांबू झाड या व्याख्येतून निघाला, तोडायला-न्यायला परवानग्यांचा त्रास कमी झाला, हे खरं आहे. चार-पाच वर्षांनी काठी, मग दरवर्षी. माकडं-वानरं आंब्याइतका त्रास देत नाहीत. पण घेणारा कोण, गाडी शेतापर्यंत येते का, आणि तोडणारा माणूस कुठला, हे आधी ठरवून मगच लावा, रोपं विकणाऱ्याने सांगितलेला दर हा दर नसतो. बांबू विरुद्ध आंबा यात एक फरक कोणी बोलत नाही: आंबा, फणस, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या शेतातलं तोडायचं तरी परवानगी. म्हणजे आंबा लावला की तो निर्णय पुढच्या पिढीने पण निस्तरायचा. बांबू नको झाला तर खोदून काढता येतो, कंबर मोडेल पण येतो.

माती विकणं, प्लॉट, फार्महाऊस

वीटभट्टीवाला येतो, दिवाळीनंतर, रोख पैसे दाखवतो आणि म्हणतो फक्त वरची माती, पावसाळ्याआधी सपाट करून देतो. आमच्या भावकीतल्या एकाने दिली. वरची फूटभर गाळाची माती गेली, बांध गेले, खाचर शेजारच्यापेक्षा खाली गेलं, आता त्यात पाणी साचतं ते निघत नाही आणि भात धड येत नाही. एका सीझनच्या पैशासाठी आजोबा-पणजोबांनी जमवलेला गाळ. सगळ्या पर्यायांत मी फक्त याला सरळ नाही म्हणेन.

प्लॉटिंगवाल्याचं गणित वेगळं आहे. तो खाचरात मुरूम टाकतो. एक एकर खाचरात बांध फूटभर धरला तर साधारण १२ लाख लिटर पाणी उभं राहतं, म्हणजे आपल्या सोसायटीत येतो तसे दहा हजाराचे १२० टँकर. मुरूम टाकला की हे पाणी शेजाऱ्याकडे, नाहीतर सरळ नदीत. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये हजारावर प्रवासी घेऊन पुरात अडकली होती, आठवत असेलच, बोटी आणल्या होत्या. मी असं म्हणत नाही की ते प्लॉटिंगमुळेच झालं, त्या दिवशी पाऊसच तसा होता. पण उल्हासच्या काठाने जिथे जिथे खाचरं भरली गेलीत तिथल्या खालच्या शेतकऱ्याला विचारा पाणी आता कुठून येतं. केरळने २००८ ला भातजमीन आणि पाणथळ राखायला वेगळा कायदाच केला, भरायची तर परवानगी लागते. आपल्याकडे भातखाचरासाठी असं काही नाही, बिनशेतीचे कागद आणि आराखड्याचा झोन जमला की झालं.

तरी फार्महाऊस करायचंच असेल तर वरकसात करा. शेतघरासाठी साधारण ०.४ हेक्टर म्हणजे एक एकर लागतं, त्यात आमचे ४० गुंठे जेमतेम बसतात. नदीजवळ असाल तर पाटबंधारे खात्याची निळी आणि लाल पूररेषा बघा, निळीच्या आत बांधकाम विसरा. माथेरानच्या बाजूला असाल तर तिथलं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २००३ पासून आहे, ते कर्जत-पनवेलच्या गावांतही उतरतं, नकाशात गट नंबर शोधा. एजंट हे सांगत नाही, किंवा सांगतो की होऊन जाईल. कृषी पर्यटन हा मधला मार्ग, २०२० ला सरकारने धोरण काढलंय, नोंदणी होते. पण पाहुणे येतात शनिवारी आणि टॉयलेट तुंबतं शनिवारी रात्री, तेव्हा हा पण माणूस लागणारा धंदा आहे, शेती नाही म्हणून सोपा नाही.

आणि विक्री. ताईचा मुद्दा मला आता पूर्वीइतका चुकीचा वाटत नाही. पनवेल-कर्जत लोकलचं काम चालू झाल्यापासून दर वाढले, तिच्या मुलीचं शिक्षण आहे, आणि जमीन भावनेवर कसता येत नाही. फक्त विकताना तीन गोष्टी. सगळी विकलीत तर तुमचं शेतकरीपण जातं, आणि महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन परत घ्यायची तर कलेक्टरची परवानगी लागते, म्हणून थोडी तरी ठेवाच. जमीन मूळ आदिवासी खातेदाराची असेल तर जमीन महसूल कायद्याचं कलम ३६ अ लागतं, परवानगीशिवाय बिगरआदिवासीला जातच नाही, असे व्यवहार नंतर उलटतात. तिसरं टॅक्स: नगरपालिकेच्या हद्दीपासून किती अंतर आणि तिथली लोकसंख्या किती यावर ठरतं, २, ६, ८ किलोमीटरचे टप्पे आहेत, त्याच्या बाहेरची ग्रामीण शेतजमीन असेल तर भांडवली नफ्यावर कर नाही. हे सीएला आधी विचारा, इसार घेतल्यावर नको.

आमचं काय ठरलं ते सांगतो. ६० गुंठे खाचर आहे तसंच राहणार, त्यात ३० एसआरटी आणि ३० काकांच्या पद्धतीने, दोन्हीचं वजन वेगळं करायचं असं काकांनीच सुचवलंय (त्यांना जिंकायचंय). वरकसाचे २० गुंठे ताईच्या वाट्याला, ते विकायचे की ठेवायचे ते ती दिवाळीनंतर ठरवेल, तुकडा पडत असेल तर आधी तुकडेबंदीत बसतं का ते तलाठ्याकडे विचारायचंय. उरलेल्या २० गुंठ्यांत ३५ काजू आणि घरच्यासाठी तीन आंबे, त्यातला एक हापूस, कारण आईने सांगितलंय म्हणून. खड्डे मे महिन्यात खोदून झाले. कलमं जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आणायची होती, त्या रविवारी मेगाब्लॉक होता, काकांनी बुधवारीच आणून लावली.